दादूकाकांच्या छातीवरची ओळ

मित्रांनो, फ्लेक्सचे आयुष्य तीन दिवसांचे असते, असे मला जन्माआधीच सांगण्यात आले होते. पहिल्या दिवशी हार, दुसऱ्या दिवशी धूळ आणि तिसऱ्या दिवशी महापालिकेची गाडी. मी मात्र दोन वर्षे जगलो आहे आणि अजून धडधाकट आहे. आमच्या जमातीत एवढ्या वयाला म्हातारा म्हणतात. म्हणून मी स्वतःला जुना म्हणवून घेतो, आणि म्हाताऱ्यांना असतो तो बोलत राहण्याचा हक्कही बजावतो.

माझा जन्म कोपरखैरण्यात, बोनकोडे गावाच्या तोंडाशी असलेल्या कान्हाशेठच्या दुकानात झाला. त्याआधी मी एका भल्यामोठ्या गुंडाळीत पांढराशुभ्र पडून होतो. रोज गुंडाळीतला एकेक भाऊ मशीनवर चढायचा आणि कोणीतरी होऊन उतरायचा. एक 'वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा' झाला. एक 'भावपूर्ण श्रद्धांजली' झाला. माझा अगदी शेजारचा भाऊ 'येथे गाडी लावू नये' झाला, आणि पुढे जन्मभर त्याच्यासमोर गाड्याच लागल्या. आपले काय होणार, या काळजीने मी गुंडाळीत आणखी घट्ट होत असे.

दुकानातली अक्षरे आणि चित्रे बसवण्याचे काम प्रितेश करी. तो चोवीस वर्षांचा, घणसोली गावचा. वडील बंदरावर पाळीने कामाला जात आणि आई शांती मासळी बाजारात बसे. प्रितेशने पदवी घेतली होती, डिझाइनचा कोर्स केला होता आणि त्याला महाप्याच्या एखाद्या काचेच्या इमारतीत, गळ्यात ओळखपत्र घालून काम करायचे होते. म्हणून तो सकाळी मुलाखती देई आणि दुपारी दुकानात येई. मुलाखतीत त्याला विचारत, "अनुभव काय आहे?" तो म्हणे, "फ्लेक्स." त्यावर समोरच्याचा चेहरा असा होई, जणू त्याने 'दरोडे' असे उत्तर दिले आहे.

एकदा एका साहेबाने त्याला सांगितले, "आमच्याकडे कसं, मिनिमल काम असतं."

"मी पण मिनिमलच करतो सर," प्रितेश म्हणाला, "फक्त आमच्याकडे खाली चाळीस जणांचे फोटो असतात."

तिथून फोन आला नाही.

पण मित्रांनो, हा मुलगा खरा कलावंत होता. अक्षर म्हणजे त्याला जीव असलेली गोष्ट वाटे. ओळी एका रेषेत आणणे, म्हणजे अलाइनमेंट, हा तर त्याचा धर्मच. गिऱ्हाईक म्हणे, "अक्षर जरा फाकव ना, जागा रिकामी दिसते." प्रितेश म्हणे, "काका, फाकवलं की दुखतं." "कोनाला?" "अक्षराला." मग कान्हाशेठ आतून हात जोडून म्हणत, "याला लवकर नोकरी लागू दे रे देवा. माझा धंदा वाचेल."

त्याच्या आयुष्यात दुसरी एक गोष्ट होती, तिचे नाव भाविका. ती त्याच्याच गावची, दोन आळ्या पलीकडची. लहानपणापासून एका शाळेत. ती सरकारी परीक्षेचा अभ्यास करत होती, मत्स्यव्यवसाय खात्याच्या. माशांची शास्त्रीय नावे तिच्या लक्षात राहत नसत, म्हणून प्रितेश तिला चार्ट काढून देई. एकेक मासा असा काढी की खवल्यांवर पाणी दिसावे. तीन वर्षांत त्याने बासष्ट मासे काढले. त्या नादात सगळी नावे त्यालाच पाठ झाली. एकदा घरी ताटात बोंबील आल्यावर तो सहज "हार्पाडॉन नेहेरियस" म्हणाला, तर आईने पळी उगारली. "मना शिव्या देतंस?" हा किस्सा त्याने फोनवर भाविकाला सांगितला, तेव्हा ती इतकी हसली की फोनमधून हसू बाहेर सांडले आणि गुंडाळीत पडलेल्या मलाही ऐकू आले. शेवटी ती म्हणाली, "प्रितेश, तू किती चांगला मित्र आहेस रे!"

हे वाक्य त्याला साधारण आठवड्यातून एकदा मिळे. फोन ठेवला की तो थोडा वेळ माऊस हातात धरून नुसता बसे.

मग एका मार्चमध्ये भाविकाचा निकाल लागला. ती पास झाली, आणि तीही मुलींत राज्यात चौथी. गावात आनंदीआनंद झाला. गावच्या मित्रमंडळाचे अध्यक्ष दादूकाका स्वतः दुकानात आले. दादूकाका साठीचे, अंगाने भरलेले, मनाने चांगले. त्यांचा मासळीचा टेम्पो होता. गावात कोणाचेही काही चांगले झाले की त्याचा फ्लेक्स लावायचा आणि त्यावर आपला फोटो मोठा ठेवायचा, एवढा एकच त्यांचा शौक होता.

"दहा बाय आठ," काका म्हणाले. "पोरीचा फोटो पायजे. आनि माजा पन पायजे."

"काका, तिचा मोठा ठेवू ना? सत्कार तिचा हाय."

"ठेव की. मी नाय कुठं बोलतोय? पन माजा बारीक नको."

प्रितेश तीन दिवस त्या कामाला बसला. 'सहायक मत्स्यव्यवसाय विकास अधिकारी' हे पद एका ओळीत बसेना. अक्षर फाकवणाऱ्या गिऱ्हाइकांशी भांडलेल्या त्या मुलाला आता अक्षर आवळण्याचा मोह होत होता, पण त्याने तो आवरला आणि सगळी रचनाच बदलली. दादूकाकांना तो रोज बोटभर लहान करत गेला. त्यांच्या जागी खाडीचे निळे पाणी आले. खाली शुभेच्छुकांची रांग होती, तीत स्वतःचा फोटो त्याने शेवटून दुसरा लावला.

आणि मित्रांनो, याच तीन दिवसांत त्याने एक चूक केली. मनात साचलेले एक वाक्य त्याने त्या फाइलमध्ये लिहून ठेवले. सुंदर, वळणदार, काळ्या अक्षरांत. फाइलमध्ये थर असतात. एखादा थर झाकून ठेवला की तो दिसत नाही आणि छापलाही जात नाही. दादूकाकांचा मूळचा मोठा फोटो प्रितेशने असाच झाकला होता, आता ते वाक्यही झाकले. मधूनच उघडून बघायचा आणि पुन्हा झाकायचा. कोणाला दाखवायचे नव्हतेच. काही माणसे देवघरात चिठ्ठी ठेवतात, तसे.

चौथ्या दिवशी महाप्याला मुलाखत होती. तो दुकान कान्हाशेठवर सोपवून गेला. संध्याकाळी सत्कार होता. कान्हाशेठने फाइल उघडली आणि कपाळाला हात लावला. दादूकाका एवढेसे! अध्यक्ष दुकान पेटवतील. मोठा फोटो कुठेतरी झाकून ठेवला असणार, असे म्हणून त्यांनी सरसकट सगळे थर उघडले. मोठे दादूकाका अवतरले. त्यासोबत आणखी काय अवतरले, ते कान्हाशेठने पाहिले नाही. त्यांना चष्मा लागला होता, पण ते मानत नव्हते.

मी मशीनवर चढलो. शाईचा थंड स्पर्श झाला. मी एका हुशार मुलीचा सत्कार झालो, हे कान्हाशेठच्या बोलण्यातून कळल्यावर मला फार बरे वाटले. एक गोष्ट लक्षात घ्या. फ्लेक्सला स्वतःच्या अंगावरचे वाचता येत नाही. आमच्यावर काय लिहिले आहे, ते आम्हाला लोकांच्या चेहऱ्यांवरून कळते.

पाचच्या सुमारास मला घणसोली गावाच्या नाक्यावर दोन बांबूंना बांधले. खाली खुर्च्या मांडल्या होत्या, बेंजोवाले सूर लावत होते. भाविका मोरपंखी साडी नेसून मधल्या खुर्चीवर बसली होती. लोक आले, त्यांनी माना वर केल्या, आणि मी कौतुकाची वाट पाहू लागलो. आधी एक बाई थांबली. तिने शेजारणीला कोपराने ढोसले. शेजारणीने पदर तोंडाला लावला. मग तरुण पोरांचा एक घोळका फोन काढून फोटो घेऊ लागला, आणि तो भाविकाचा नव्हता, दादूकाकांचा होता. शेवटी एकाने मोठ्याने वाचले, तेव्हा मला कळले.

दादूकाकांच्या हसऱ्या चेहऱ्याखाली, बरोबर छातीवर लिहिले होते, 'भाविका, तू हसलीस की माझं सगळं अलाइनमेंट बिघडतं.'

लिहिणाऱ्याचे नाव नव्हते. चेहरा मात्र होता.

"काका, ह्या वयात?" मागून कोणीतरी ओरडले आणि हशा पिकला. दादूकाका चष्मा चढवून माझ्यासमोर आले. त्यांनी वाचले, परत वाचले, आणि घाम पुसला. तेवढ्यात बायकांच्या रांगेतून सुंदराबाई उठल्या. त्या काकांच्या पत्नी.

"पंधरा दिस झालं," त्या म्हणाल्या, आणि बेंजो आपोआप थांबला, "पंधरा दिस यो मानूस मना सांगतंय, टेम्पोचा अलाइनमेंट बिघरलाय, महाप्याला ग्यारेजला जातंव. रोज महापे! रोज अलाइनमेंट! आनि यो काय? टेम्पो हसतो काय तुमचा?"

"अगं, मना काय म्हाईत? मी लिवलेला नाय!"

"मग तुमच्या छातीवर कोनी लिवला? मी?"

"मुलीसारखी हाय ती माजी!" काकांचा आवाज चिरकला. लोक हसायचे थांबले. खरे तर तेव्हाच सगळे विनोदाच्या बाहेर गेले. काही माणसे आता काकांकडे नव्हे, भाविकाकडे पाहत होती. ती हार घातलेल्या मानेने ताठ बसली होती. तीन वर्षे अभ्यास करून मिळवलेली तिची संध्याकाळ तिच्या डोळ्यांदेखत नासत होती.

नेमका तेव्हाच प्रितेश शेअर रिक्षातून उतरला. इस्त्रीचा शर्ट, वडिलांचा टाय. एवढी गर्दी पाहून त्याला वाटले, लोक रचना पाहत आहेत. तो अभिमानाने पुढे आला आणि त्याने वर पाहिले.

मित्रांनो, एखाद्या माणसाच्या चेहऱ्यावरचा रंग कसा उडतो, हे आम्ही फ्लेक्स चांगले ओळखतो. आमचा उडायला दोन पावसाळे लागतात. त्याचा एका क्षणात उडाला.

कान्हाशेठ गर्दीतून त्याच्या कानाशी आले. "गप बस. काय बोलू नको. मशीनची चूक म्हणतो मी. उद्या नवीन छापू."

तो गप्प बसला असता तर चालले असते. मशीनवर आळ आला असता आणि मशीन काही बोलले नसते. पण त्याने दादूकाकांकडे पाहिले. ते मंडळाचा फेटा हातात घेऊन, बायकोसमोर मान खाली घालून उभे होते. मग त्याने भाविकाकडे पाहिले. तीही त्याच्याकडेच पाहत होती. ती अक्षरे कोणाची आहेत, हे बासष्ट चार्ट वाचलेल्या मुलीला कळले नसेल, असे होणारच नव्हते.

"सुंदराकाकी," प्रितेश म्हणाला. मग दोन पावले पुढे येऊन म्हणाला, "काकी, ती ओळ माजी हाय."

"तुजी?" सुंदराबाईंनी कमरेवर हात ठेवले. "मग ती यांच्या छातीवर कशाला लिवलीस? तुला सोताची छाती नाय?"

"हाय ना. पन माजा फोटो शेवटून दुसरा हाय काकी. एवढीशी छाती. मावली नसती."

आता जो हशा झाला, तो वेगळा होता. दादूकाका तर सुटल्यासारखे सगळ्यांत मोठ्याने हसले आणि मग आठवून रागावले. प्रितेश मात्र हसत नव्हता. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "चूक माजी हाय. भाविकाला यातलं कायच माहीत नव्हतं. तिला कोनी काय बोलू नका."

भाविका उठली. माझा श्वास अडकला, म्हणजे वारा पडला. ती म्हणाली, "काकी, चहा थंड होतोय. सत्कार करायचाय ना माझा?" एवढेच. आणि बेंजोवाल्यांनी घाईघाईने सूर धरला.

अशा रीतीने माझी नाक्यावरची कारकीर्द तीन तासही टिकली नाही. सत्कार उरकल्यावर प्रितेशने शिडी लावून मला खाली घेतले. दहा फुटांच्या फ्लेक्सची घडी एकट्याने घालता येत नाही. तो मला एका टोकाला धरून नुसता उभा होता. एवढ्यात दुसरे टोक कोणीतरी उचलले.

"धर नीट," भाविका म्हणाली.

चादरीची घडी घालतात, तशी त्यांनी माझी घडी घालायला सुरुवात केली. दहा फुटांवरून दोघे बोलत होते.

"कधीपासून?" तिने विचारले.

"बोंबलाच्या चार्टपासून."

"तो तिसराच चार्ट होता प्रितेश." तिने टोक जुळवले, आणि अंतर पाच फूट झाले. "मग बोलला का नाहीस?"

"निकाल लागल्यावर बोलणार होतो."

"माझा?"

"माझा. म्हणजे, नोकरी लागल्यावर."

पुढची घडी. आता ते अडीच फुटांवर आले. ती हळू बोलू लागली. "ऐक. नोकरी असती तरी माझं उत्तर नाहीच असतं. तुझ्यात काय कमी आहे म्हणून नाही. माझ्या मनात तसं कधी आलंच नाही. मी शोधून पाहिलं आत्ता, चहा पिताना. खरंच नाहीये."

"दुसरं कोणी...?"

"नाही. आणि असतं, तर तुला बासष्ट चार्ट काढायला लावले नसते."

तो कसनुसा हसला. शेवटच्या घडीला दोघांची बोटे एकमेकांना लागली. त्याने आपली पटकन मागे घेतली. ती म्हणाली, "वाक्य चांगलं होतं. पण मला न विचारता नाक्यावर लावलंस."

"मी नाही लावलं गं, शेठनी—"

"माहीत आहे. तरी लागलं ना."

तिने माझ्यावर गुडघा रोवून आतली हवा काढली, साडी झटकली आणि ती गेली. प्रितेशने मला खांद्यावर घेतले. घरी जाईपर्यंत त्याच्या खांद्याचे हाड मला टोचत होते, पण मी तक्रार केली नाही.

घरी शांतीताईंनी त्याला काही विचारले नाही. गावात सगळे कळतेच. त्यांनी ताटात दोन तुकडे जास्त वाढले आणि म्हणाल्या, "जेव. उपाशी मानसाला जास्त लागतं." मला माळ्यावर टाकले. तिथे मी टोपल्या आणि जुन्या जाळ्यांच्या संगतीत उपेक्षेचे दिवस काढले. भाविका रत्नागिरीला रुजू झाली. खाली प्रितेश अर्ज पाठवत राहिला. त्याचा स्वभाव बदलला होता. कुठलीही फाइल पाठवण्याआधी तो झाकलेले सगळे थर उघडून बघे, मग संपूर्ण मजकूर मोठ्याने वाची. बायोडेटासुद्धा. शेजाऱ्यांनाही आता त्याची टक्केवारी पाठ झाली होती.

पावसाळ्यानंतर एक दिवस त्याने मला खाली काढले. मोबाइलवर मुलाखत होती आणि त्याच्या खोलीच्या भिंतीला ओल आली होती. मला मधोमध दुमडून, तोंड आत आणि पांढरी पाठ बाहेर, असे त्याने खिळ्यांना बांधले. आता मी ऑफिसच्या भिंतीसारखा दिसत होतो. मला अभिमान वाटला. कोणीतरी पुन्हा आपल्याला कामाला लावले, याहून मोठे सुख म्हाताऱ्याला नसते.

मुलाखत घेणाऱ्या बाई राजश्री मॅडम होत्या. महाप्यात औषधांची खोकी आणि लेबले छापणाऱ्या कंपनीतल्या. आवाज कोरडा, प्रश्न मोजके. सगळे ठीक चालले होते. पण पंख्याच्या वाऱ्याने माझी एक गाठ सैल होत होती, आणि मी काय करू शकणार? मी गाठीला धरून ठेवण्याचा प्रयत्न केला. गाठ सुटली. माझी पुढची घडी खाली आली.

मॅडम बोलता बोलता थांबल्या. "प्रितेश, तुमच्या मागे एक गृहस्थ हसतायत."

प्रितेशने मागे वळून पाहिले नाही. त्याने डोळे मिटले. "हो मॅडम. आमचे दादूकाका."

"त्यांच्या छातीवर काय लिहिलंय?"

त्याला सबब सांगता आली असती. पण एकदा नाक्यावर खरे बोलून झालेल्या माणसाला चार भिंतींत खोटे बोलणे जड जात असावे. त्याने सगळे सांगितले. चार्ट, झाकलेला थर, सुंदराकाकी, टेम्पो. मॅडम टेम्पोपर्यंत गंभीर होत्या. तिथे त्यांनी कॅमेरा बंद केला. बराच वेळ काळ्या पडद्यामागून दाबलेले हसू ऐकू येत राहिले. मग कॅमेरा पुन्हा सुरू झाला, तेव्हा त्या डोळे पुसत होत्या.

"आमच्याकडे एक टिंब चुकलं तर लोकांच्या जिवाशी खेळ होतो," त्या म्हणाल्या. "तेव्हापासून फाइल पाठवताना तुम्ही काय करता?"

"सगळे थर उघडतो. मोठ्याने वाचतो. आणि आईला वाचून दाखवतो. तिला लिहिता-वाचता येत नाही मॅडम, त्यामुळे ती फक्त अर्थ ऐकते."

"आई ऑफिसात आणता येणार नाही. पण तुम्ही गुरुवारी टेस्टला या."

टेस्टची हकिगत मी त्याच्याच तोंडून ऐकली. त्याला लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाचे लेबल मांडायला दिले होते. सगळे उमेदवार खाली मान घालून काम करत होते आणि हा पठ्ठ्या मोठ्याने वाचत होता. पोरे हसू लागली. तो वाचत राहिला. इंग्रजीत दिवसातून दोनदा लिहिले होते, मराठीत तीनदा. तो उठला आणि मॅडमच्या टेबलाशी गेला. "मॅडम, यातलं खरं कुठलं?" मॅडमनी पाहिले, आणि त्यांचा चेहरा उतरला. ती चूक टेस्टसाठी घातलेली नव्हती. कोणाच्याही नजरेस न पडता ती तशीच छपाईला निघाली होती.

"सोमवारपासून या," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि ऑफिसात जरा हळू वाचा."

तेव्हापासून प्रितेश महाप्याला जातो. दहा फुटांवर अक्षरे मांडणारा हा माणूस आता दोन मिलिमीटरमध्ये 'मुलांच्या हाती लागू देऊ नका' असे लिहितो, आणि ते अक्षर मुळीच फाकवत नाही. माझ्या वाट्याला मात्र गच्ची आली. शांतीताईंनी मला पालथे पसरले आणि माझ्यावर जवळा वाळत घातला. पहिल्या दिवशी मला फार वाईट वाटले. कुठे नाक्यावरचा मान आणि कुठे ही सुकी मासळी! पण हळूहळू लक्षात आले की नाक्यावर मी लोकांची फक्त मान दुखवली होती. इथे माझ्यावर वाळलेल्या जवळ्याची चटणी चार घरांत जाते. शिवाय इथून खाडी दिसते, आणि प्रितेश दर रविवारी इथे येऊन बसतो. त्याने एक वही केली आहे. तीत तो मासे काढत नाही. समोर येईल ते काढतो. पाण्याच्या टाक्या, आईचे हात, कोयता.

गेल्या रविवारी तो असाच बसला असताना फोन वाजला. त्याने नाव पाहिले आणि जरा थांबून उचलला. भाविका होती. रत्नागिरीच्या कार्यालयासाठी तिला एक पोस्टर हवे होते, लहान पापलेट पकडू नका, असे सांगणारे. "तुझ्यासारखा मासा कोणी काढत नाही रे," ती म्हणाली. बोलण्यात काही खोटे नव्हते. ती मनापासून बोलत होती.

प्रितेशने वहीच्या पानावर पेन्सिलीने एक टिंब दिले. मग म्हणाला, "भाविका, नाही जमणार. एवढ्यात नको. तू आठवण काढलीस, बरं वाटलं. पण नको."

मग ती म्हणाली, "बरं. कळलं." आणि दोघांनी थोडा वेळ पावसाबद्दल आणि तिच्या जेवणाबद्दल बोलून फोन ठेवला.

शांतीताई माझ्यावर वाळत घातलेला जवळा परतत होत्या. "कोन होता?"

"भाविका. काम सांगत होती."

"मग?"

"नाय बोललो."

शांतीताई जवळा परतायच्या थांबल्या. त्यांनी मुलाकडे असे पाहिले, जसे बाजारात ताज्या मासळीकडे पाहतात, खात्री करून. मग खाली गेल्या आणि चहा घेऊन वर आल्या. त्यात त्या दिवशी आले जरा जास्त होते. प्रितेशने चहा घेतला, वही उघडली आणि त्या टिंबापासून पुढे पलीकडच्या गच्चीवरची कबुतरे काढू लागला.

मित्रांनो, माझे एवढेच सांगणे आहे. मनात काही असेल तर ते जाऊन तोंडाने सांगा. त्याला दहा बाय आठची जागा लागत नाही, हातभर अंतर पुरते. समोरून 'नाही' आले, तर ऐकून घ्या. 'नाही' ऐकून माणूस मरत नाही, हे मी घडीघडीने जवळ येत पाहिले आहे. आणि कधी आपल्यालाही 'नाही' म्हणता येते, तेही शिका.

आणि माझ्या भाऊबंदांसाठी एक विनंती. काम संपले की आम्हाला नाल्यात किंवा खाडीत फेकू नका. आम्ही कुजत नाही, विरघळत नाही. मासळीच्या वाटेत तसेच अडकून राहतो, आणि मग लहान पापलेट वाचवायला कितीही पोस्टरे लावली तरी उपयोग होत नाही. आम्हाला कुठेतरी पसरा, झाका, बांधा, पण वापरा. आम्हाला मान नको, काम द्या. आम्ही कुरकुरतो तेवढेच, पण टिकतो.

आता बोलणे पुरे करतो. ऊन चढले आहे, शांतीताई बाजारात गेल्या आहेत, आणि माझ्या उजव्या कोपऱ्यावर एक कावळा येऊन बसला आहे. मला हात नाहीत. तुमच्यापैकी कोणी जवळपास असेल, तर तेवढा हाकला.